बडोद्याहून कोंकपर्यंत: फ्रान्सच्या खेड्यांतून पायी जायचं तर

फ्रान्समधली खेडी पायी पाहायची असतील आणि अशी पदयात्रा पहिलीच असेल, तर वाट निवडण्यात महिने घालवू नका. ले प्युई-आं-व्हले ते कोंक हा सुमारे २०५ किलोमीटरचा पल्ला धरा. जीआर ६५ या लांब वाटेचा हा पहिला भाग. स्पेनमधल्या सान्तियागोला जाणारे यात्रेकरू हजार वर्षांपासून इथून जात आहेत. ले प्युईचा बिशप गोदेस्काल्क सन ९५० मध्ये इथूनच निघाला होता. त्यामुळे वाटेवर चर्च, पूल, जुन्या धर्मशाळा आणि दगडी क्रूस सतत भेटतात, आणि बहुतेक ठिकाणी पाच-दहा किलोमीटरवर राहण्याची सोय सापडते. खुणा चोख आहेत. मन गावाकडे लावता येतं, नकाशात अडकून पडत नाही.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट दिवसांची. हा पल्ला बरेच जण दहा दिवसांत करतात. तुम्ही बारा दिवस ठेवा, आणि ले प्युईत आदला एक पूर्ण दिवस. कारण साधं आहे. दिवसाला २५ किलोमीटर चाललात तर गावात पोचायला चार-साडेचार वाजतात. मग अंघोळ, कपडे धुणं, आणि सात-साडेसातला सगळ्यांबरोबर जेवण. तोवर चर्चला कुलूप लागलेलं असतं, संग्रहालय बंद झालेलं असतं. वाट पायाखालून जाते आणि गाव पाहायचंच राहतं. १५ ते १७ किलोमीटरचा दिवस असेल तर दीड-दोनपर्यंत मुक्कामी पोचता येतं आणि दुपार हातात राहते.

बारा दिवसांची वाटणी अशी बसते. आकडे ढोबळ किलोमीटरांत आहेत. ले प्युई ते मोंबोने १६, तिथून मोनिस्त्रोल-दालिये १५, सोग १२, सोव्हाज २०, सें-आल्बां १३, ओमों-ओब्राक १५, नास्बिनाल २६, सें-शेली-दोब्राक १७, सें-कोम-दोल्त १६, एस्तें १७, गोलिन्याक १५ आणि शेवटी कोंक २१. ओमों ते नास्बिनाल हा एकच दिवस लांब आहे, पण जमीन बहुतांशी सपाट आहे. मध्ये मुक्काम मिळाला तर तोही जरूर तोडा. सोगचा टप्पा मात्र १२ किलोमीटर दिसतो म्हणून हलका समजू नका. मोनिस्त्रोलहून निघाल्यावर लगेच सुमारे चारशे मीटरचा उभा चढ आहे.

कधी जायचं? १० मे ते १५ जून, किंवा पूर्ण सप्टेंबर. एप्रिलमध्ये ओब्राकच्या पठारावर बर्फ असू शकतो. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन आणि दुपारची वादळं. ऑक्टोबरच्या मध्यापासून मुक्कामाच्या जागा एकेक करून बंद होत जातात, आणि एक नोव्हेंबरनंतर फारच थोड्या उघड्या असतात. मे महिन्यात जाणाऱ्यांनी असेन्शन आणि पेंटेकोस्ट या ख्रिस्ती सणांच्या जोडसुट्ट्या कॅलेंडरवर आधी पाहून ठेवाव्यात. त्या दिवसांत फ्रेंच लोकच या वाटेवर मोठ्या संख्येने असतात आणि जागा महिनोन्महिने आधी भरतात.

घर सोडण्याआधी

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि निदान पंधरा दिवस आधी तरी द्यावाच लागतो. बडोद्याच्या लोकांना बोटांचे ठसे देण्यासाठी अहमदाबादचं केंद्र जवळ पडतं. शुल्क ९० युरो, आणि प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा. अडचण येते ती राहण्याच्या पुराव्यात. व्हिसासाठी प्रत्येक रात्रीचा मुक्काम दाखवावा लागतो, आणि या वाटेवरच्या छोट्या जागा फोनवर 'या' म्हणून मोकळ्या होतात. त्यांना ईमेल लिहा. नावं, तारीख, माणसं किती, आणि उत्तरात हे सगळं परत लिहून मागा. तो ईमेल छापून अर्जाला जोडता येतो.

मुक्कामाच्या जागेला झीत म्हणतात. चार ते बारा पलंगांच्या खोल्या, सामाईक न्हाणीघर, खाली लांब जेवणाचं टेबल. झोपण्याची जागा, रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारी असं मिळून माणशी साधारण ४५ ते ६० युरो पडतात. या व्यवस्थेला देमी-पान्सियों म्हणतात आणि खेड्यांत तीच घ्यावी, कारण दुसरं जेवण मिळेलच असं नाही. आठ-दहा जणांचा गट काढू नका. छोट्या झीतमध्ये एकाच रात्री आठ पलंग रिकामे मिळणं कठीण. दोन ते चार जण असावेत. मोठं कुटुंब असेल तर दोन तुकड्या करून एका दिवसाच्या अंतराने निघा. येणं रद्द झालं तर कळवा. न कळवता गैरहजर राहणाऱ्यामुळे त्या रात्री एखादा थकलेला माणूस पुढच्या गावापर्यंत चालत जातो.

आता पायांची तयारी. बडोद्यात राहून सपाटीवर कितीही चाललात, कमाटी बागेच्या कितीही फेऱ्या मारल्या, तरी गुडघ्यांना उताराची सवय होत नाही, आणि या वाटेवर माणसं चढावर नव्हे, उतारावर हरतात. पावागड जवळच आहे, त्याचा उपयोग करा. बहुतेक लोक उडन खटोल्याने, म्हणजे रोपवेने चढतात. तुम्ही पाठीवर सहा-सात किलो घेऊन माचीपासून पायऱ्या चढा आणि उतरताना तर उडन खटोल्यात मुळीच बसू नका. पाऊल लहान ठेवा, गुडघा किंचित वाकलेला, काठ्या पुढे. नवरात्रात गर्दीमुळे हे जमत नाही. प्रवास मे महिन्यात असेल तर डिसेंबर ते मार्च हे चार महिने नीट वापरा, कारण एप्रिलपासून बडोद्याच्या उन्हात लांब चालणं शक्य राहत नाही. आठवड्यातून दोन दिवस आठ-दहा किलोमीटर, आणि महिन्यातून दोनदा शनिवार-रविवार सलग पंधरा-पंधरा. सलगपणा महत्त्वाचा आहे. पहिल्या दिवशी न दुखणारी टाच दुसऱ्या दिवशी आपलं खरं रूप दाखवते, आणि ते पावागडच्या पायथ्याशी कळलेलं बरं.

बूट नेहमीच्या मापापेक्षा अर्धा ते एक नंबर मोठे घ्या. दिवसभर चालून पाय सुजतात, आणि उतारावर अंगठे पुढे आपटले की नखं काळी पडतात. निघण्याआधी त्या बुटांनी निदान १०० किलोमीटर झालेले असावेत. मोजे लोकरीचे किंवा लोकर-मिश्र. सुती मोजे घामाने ओले राहतात आणि फोड तिथूनच सुरू होतात. कुठेही चुरचुरलं की त्याच क्षणी थांबून टेप लावा. पुढच्या गावात पाहू म्हणालात तर पुढच्या गावात फोड असेल.

सॅक ३० ते ३५ लिटरची, पाण्याशिवाय सात किलोंच्या आत. अंगावरच्या कपड्यांखेरीज एक जोड, झोपायला एक, एक गरम जॅकेट, सॅकसकट अंग झाकणारा पाँचो, पातळ लोकरी टोपी. झीतमध्ये गाद्या आणि ब्लँकेटं असतात, म्हणून स्लीपिंग बॅग नको. पातळ चादरीची शिवलेली पिशवी पुरते, आणि ती घरीच शिवता येते. जुन्या सुती साडीची उत्तम होते. काठ्या विमानात चेक-इन सामानात टाकाव्या लागतात. सॅक एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामावर गाडीने पोचवणाऱ्या सेवा या वाटेवर आहेत. साठी ओलांडलेल्यांनी त्या बिनदिक्कत घ्याव्यात. पाहण्याचा आनंद पाठीवरच्या वजनाने वाढत नाही.

खाण्यापिण्याचं

युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे पेढे, बर्फी, तूप, श्रीखंडाच्या वड्या घरीच ठेवा. ताजी फळंही बहुतेक चालत नाहीत, आंबा तर नकोच. खाकरा, भाजलेले शेंगदाणे, कोरडी लसणाची चटणी, मेतकूट, गूळ-दाण्याची चिक्की न्यावी. वजन मोजून, पाचशे-सहाशे ग्रॅमवर नाही.

शाकाहारी असाल तर जागा ठरवतानाच कळवा, पोचल्यावर नाही. स्वयंपाक सकाळीच ठरलेला असतो. 'व्हेजेतारियां' एवढा शब्द पुरत नाही, कारण काही घरांत मासे चालतील असं धरतात, आणि सूपमध्ये मांसाचं पाणी किंवा लार्दों म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात. मांस नाही, मासे नाहीत, मांसाचं पाणी नाही, अंडं चालतं की नाही, हे फ्रेंचमध्ये कार्डावर लिहून घ्या आणि दाखवा. ले प्युईची हिरवी मसूर प्रसिद्ध आहे. ज्वालामुखीच्या मातीत पिकणाऱ्या या मसुरीला १९९६ पासून संरक्षित नाव आहे; पण ती बहुधा सॉसेजबरोबर शिजवतात, म्हणून विचारा. ओब्राकमध्ये आलिगो खा: उकडलेल्या बटाट्यात ताजं चीज घोटून तार येईपर्यंत ओढलेलं, लसणाचा वास असलेलं. सॉसेज बाजूला वाढतात, ते नको म्हणता येतं. ज्यांना चीजमधलं प्राणिज रेनेट, म्हणजे वासराच्या पोटातून काढलेलं विरजण, चालत नाही त्यांनी मात्र इथली पारंपरिक चीजं टाळावीत.

दुकानं साधारण साडेबारा ते तीन बंद, रविवारी दुपारनंतर बंद, आणि कित्येक ठिकाणी सोमवारीही बंद. त्यामुळे शनिवारी संध्याकाळी दोन वेळचं खाणं सॅकमध्ये हवं. पाणी दीड ते दोन लिटर. नळावर 'ओ पोताब्ल' लिहिलं असेल तर प्यायचं, 'नों पोताब्ल' असेल तर नाही. गावात नळ दिसला नाही तर दफनभूमीकडे जा. फुलांना पाणी घालण्यासाठी तिथे जवळजवळ नेहमी नळ असतो, फक्त त्यावरची पाटी वाचा. रोख पैसे जवळ ठेवा, सगळ्या झीत कार्ड घेत नाहीत.

वाटेच्या खुणा

वर पांढरा, खाली लाल, असे दोन आडवे पट्टे म्हणजे जीआरची वाट. ते झाडावर, दगडावर, खांबावर, घराच्या कोपऱ्यावर असतात. पट्ट्यांखाली वळलेला बाण असेल तर वळा. पांढरा-लाल फुली म्हणजे चूक वाट. पिवळा-लाल आणि नुसता पिवळा पट्टा या वेगळ्या, स्थानिक वाटा आहेत. गप्पांच्या नादात लोक याच पट्ट्यांमागे जातात. दहा मिनिटं पांढरा-लाल पट्टा दिसला नाही तर पुढे जाऊ नका, शेवटच्या खुणेपर्यंत परत या. चुका जास्त करून गावातून बाहेर पडताना होतात, कारण रात्रीच्या मुक्कामासाठी आपण वाट सोडून आत गेलेलो असतो. फोनमध्ये नकाशा आधीच उतरवून ठेवा. मार्जरीदच्या डोंगरांत आणि ओब्राकमध्ये मोबाइलचा सिग्नल जातो. मदतीसाठी क्रमांक ११२.

कुरणांतली फाटकं जशी असतील तशी मागे लावा. वासरू आणि गाय यांच्या मधून कधीही जाऊ नका, लांबून वळसा घ्या. संध्याकाळी पोटऱ्या, गुडघ्यामागची जागा, काखा तपासा. उंच गवतात गोचिडी असतात आणि त्यांच्यामुळे लाइम हा आजार होतो. गोचीड काढायचा छोटा आकडा ले प्युईच्या कुठल्याही औषधांच्या दुकानात मिळतो. सप्टेंबरात शिकारीचा मोसम सुरू होतो, तेव्हा सॅकवर नारिंगी कापड बांधा.

गाव कसं पाहायचं

आधी दगड पाहा. बारा दिवसांत दगड चार वेळा बदलतो आणि गावं त्याच्याबरोबर बदलतात. ले प्युईच्या आसपास काळा-लालसर ज्वालामुखी दगड; दख्खनच्या लाव्हाचा भाग असलेला पावागड ज्यांच्या पायाखालून गेला आहे त्यांना तो परका वाटणार नाही. सोगनंतर मार्जरीदचा करडा ग्रॅनाइट, ओब्राकवर पुन्हा बेसाल्ट, लोत नदीच्या खोऱ्यात एस्पालियोंजवळ तांबडा वालुकाश्म, आणि कोंकला शिस्ट, ज्याच्या पातळ फरश्यांनी छपरं शाकारलेली आहेत.

मग गावाच्या मधली मोकळी जागा पाहा. कपडे धुण्याचं छप्पर असलेलं सामाईक टाकं, गावाची भाकरी भाजण्याची एकच मोठी भट्टी, बैलांना नाल ठोकताना बांधून उचलण्याची लाकडी किंवा दगडी चौकट: ही तीन ठिकाणं सापडली की ते गाव शंभर वर्षांपूर्वी कसं चालायचं ते कळतं. चर्चचा घंटामनोरा बहुतेकदा मनोराच नसतो. एक उभी भिंत, तिला कमानीची भोकं आणि त्यांत घंटा. पहिल्या महायुद्धाचं स्मारक प्रत्येक गावात आहे. त्यावरची नावं वाचा. वीस-पंचवीस घरांच्या वस्तीत एकाच आडनावाची तीन-चार नावं सापडतात, आणि ही गावं इतकी रिकामी का, याचं अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

ले प्युईत आदल्या दिवशी सें-मिशेल दे-ग्विल चढा. सुमारे ८० मीटर उंच ज्वालामुखी सुळक्यावर दहाव्या शतकातलं चर्च आहे, २६८ पायऱ्या. समोरच्या कड्यावरची माता मेरीची तांबूस मूर्ती १८६० ची. क्रिमियन युद्धात सेवास्तोपोलला जिंकलेल्या २१३ तोफा वितळवून ओतलेली. कॅथेड्रलमधून यात्रेकरूंचं प्रवासपत्र घ्या. त्यावर मुक्कामाचे शिक्के पडतात आणि काही ठिकाणी ते पाहूनच जागा देतात. सकाळी सातच्या प्रार्थनेनंतर यात्रेकरूंना आशीर्वाद देतात. धर्म कुठलाही असो, बसायला हरकत नसते.

दुसऱ्या दिवशी रोशगूदचं छोटं चर्च कड्याच्या टोकावर आहे. तिथे विश्रांती घ्या, कारण पुढे मोनिस्त्रोलपर्यंत साडेतीनशे मीटरचा उतार आहे. पाऊस पडून गेला असेल तर तिथला बेसाल्ट शेवाळी फरशीसारखा सुटतो, आणि घाई करणाऱ्यांचे घोटे इथेच मुरगळतात. कोणी चालूच शकत नसेल तर मोनिस्त्रोलला रेल्वे स्टेशन आहे, पुढचं ओमों-ओब्राकला. मधे बाहेर पडणं अवघड, म्हणून निर्णय मोनिस्त्रोललाच घ्या.

सोगमध्ये तेराव्या शतकातला चौकोनी बुरूज आहे आणि जेव्होदां या जुन्या प्रांतातल्या हिंस्र श्वापदाचं संग्रहालय. १७६४ ते १७६७ या काळात या मुलखात त्याने कित्येक बायका-मुलांचे जीव घेतले. दुसऱ्या दिवशी त्याच रानातून सोव्हाजच्या एकट्या दगडी वाड्याकडे जाताना ही माहिती जवळ असलेली चांगली.

नास्बिनाल ते सें-शेली हा सगळ्यात सुंदर दिवस. १९९८ मध्ये युनेस्कोने या यात्रामार्गाच्या ज्या सात तुकड्यांची जागतिक वारशात नोंद केली, त्यांतला हा एक. झाड नाही, आडोसा नाही, १३०० मीटरहून उंच कुरण. मे महिन्यातही सकाळी थंडी शून्याजवळ जाऊ शकते आणि धुकं दहा मिनिटांत उतरतं. धुक्यात दगडी कुंपण आणि फाटकं धरून चाला, पायवाटा धरू नका. गुरांच्या पायवाटा कुठेही नेतात. ओब्राक गावातली धर्मशाळा बाराव्या शतकातली, आणि तिथली एक घंटा धुक्यात आणि बर्फात वाट चुकलेल्यांसाठी वाजवत असत. हा दिवस सुट्टीच्या वारी आला तर खाणं नास्बिनालहूनच न्या.

खाली उतरलं की लोतचं खोरं. सें-कोमचं पिळदार शिखर लांबूनच दिसतं. सें-कोम ते एस्तें हीसुद्धा युनेस्कोची तुकडी, आणि तिच्यात दोन गोष्टी लोक चुकवतात. एस्पालियोंच्या अलीकडे पेर्सचं तांबड्या दगडाचं अकराव्या शतकातलं चर्च, आणि पलीकडे बेसुएझूलचं. बेसुएझूलला नुसतं आत जाऊन थांबू नका. घंटामनोऱ्यातला अरुंद, झिजलेला जिना चढा, वर एक इवलं प्रार्थनास्थळ आणि कोरीव वेदी आहे. सॅक खालीच ठेवा, जिन्यात अडकते. त्यानंतरचा चढ या वाटेवरच्या सर्वांत उभ्या चढांपैकी आहे, पावसात मातीचा घसरडा होतो.

कोंकला एस्तेंहून एका दिवसात पोचायचा मोह टाळा. ३६ किलोमीटरांनंतर शेवटचा दगडी उतार थकल्या पायांनी उतरावा लागतो. गोलिन्याकहून सकाळी सातला निघालात तर दोन-अडीचला पोचता येतं आणि मठाच्या चर्चसमोर दुपार मिळते. दारावरचं शिल्प पश्चिमेला आहे, म्हणून उतरत्या उन्हातच पाहा. शेवटच्या निवाड्याच्या दृश्यात १२४ आकृती आहेत. मधल्या ख्रिस्ताच्या उजव्या हाताला, म्हणजे आपल्या डावीकडे, स्वर्ग. दुसऱ्या बाजूला नरक. डाव्या खालच्या भागात देवाच्या हातापुढे वाकलेली संत फुआ, जिच्या नावाचं हे चर्च आहे, शोधा, तिच्यामागे कैद्यांच्या बेड्या टांगलेल्या आहेत. नरकात गळ्यात थैली बांधून लटकलेला कंजूष आहे. कमानीच्या कडेवरून डोकावणारे छोटे चेहरे सगळ्यात शेवटी दिसतात. छोटी दुर्बीण नेली तर इथे सार्थकी लागते. आतल्या १०४ खिडक्यांच्या काचा रोडेझला जन्मलेल्या चित्रकार प्येर सुलाजने केल्या. १९९४ मध्ये काम पूर्ण झालं. त्यांत रंग नाही, फक्त उजेड बदलतो, म्हणून एकदा संध्याकाळी आणि एकदा सकाळी आत जा. खजिन्याच्या संग्रहालयात संत फुआची सोन्याने मढवलेली मूर्ती आहे. तिकीट त्याच दुपारी काढा.

कोंकला रेल्वे नाही आणि बसही मोजक्याच. परतीची गाडी घरून निघण्याआधीच ठरवलेली असावी: यात्रेकरूंची व्हॅन ले प्युईला परत नेते, किंवा टॅक्सीने रोडेझ गाठून तिथून पॅरिसची रात्रीची रेल्वे धरता येते. ही रेल्वे रोज असेलच असं गृहीत धरू नका, तारीख पाहा. आणि विमानाच्या आधी पॅरिसमध्ये एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा, कारण फ्रान्समध्ये रेल्वेचा संप झाला की सगळ्यात आधी अशाच आडबाजूच्या गाड्या रद्द होतात.